फळीवरचे दोन वूफर

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे घडलं त्यात माझ्या अकलेपेक्षा माझ्या तापटपणाचा वाटा मोठा होता, आणि अकलेबद्दलही त्या वेळी माझा बराच गैरसमज होता.

सत्तरचं दशक संपता संपता मी साताऱ्याकडचं घर सोडून दोह्याला आलो. बाजारात रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करण्याचं एक दुकान होतं, तिथे मला नोकरी लागली. हात चांगला होता. दुसऱ्यांनी हात टेकलेले सेट माझ्याकडे यायचे आणि बोलू लागायचे, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं मला वाटू लागलं होतं. शहरातल्या मुशैरिब भागात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. खोलीतले लोक मला 'रेडिओवाले' म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

त्या सहांत वयाने सगळ्यांत मोठे एक सुतार होते, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावचे मुसलमान. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. फर्निचरच्या कारखान्यात ते दिवसभर रंध्याच्या आणि कापायच्या मशीनवर उभे असत. त्या मशीनचा आवाज असा, की शेजारी उभं राहून बोललेलं कळत नसे. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. चाचा बोलायचे कमी, ऐकायचे जास्त, आणि खोलीत कुणाचं भांडण झालं तर मध्ये पडण्याऐवजी चहा टाकायचे. माझी भांडणं जास्त असल्यामुळे चहाही बहुतेक माझ्यामुळेच व्हायचा.

आमच्याकडे तेव्हा पत्रांइतक्याच कॅसेटी चालायच्या. सुट्टीवर जाणाऱ्याच्या सामानात दहा घरांच्या कॅसेटी असत. गावाकडे लोक त्या ऐकत, आणि मग त्याच कॅसेटवर, आपल्या माणसाचं बोलणं पुसून, आपला जबाब भरत. येणारा माणूस ती परत घेऊन येई. इकडचा माणूस दोन-चार वेळा ऐकून पुन्हा तीवरच बोलायचा. अशी एकच कॅसेट वर्षानुवर्षं ये-जा करी. साठवून ठेवायची वस्तू ती नव्हतीच. बोलणं पोचलं की तिचं काम झालं.

चाचांकडे मात्र एक कॅसेट होती, जिच्यावर त्यांनी जबाब भरला नव्हता. ती त्यांच्या वडिलांची होती. वडील जन्मभर गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. कॅसेट दोह्याला पोचली आणि पाठोपाठ ते गेल्याचं पत्र आलं. चाचांचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, कारखान्यात मोठं काम चालू, त्यामुळे जाणं झालं नाही. पत्र आलं तोवर माती देऊन महिना उलटून गेला होता. आता वडिलांचं म्हणून त्यांच्याजवळ होतं ते त्या टेपवरचं पंधरा-वीस मिनिटांचं बोलणं. आई दर पत्रात लिहवून घ्यायची की कॅसेट परत का येत नाही, आम्हाला तुझा आवाज ऐकायचाय. चाचा पत्राने उत्तर द्यायचे आणि कॅसेटचं नाव टाळायचे.

एके शुक्रवारी जेवणं झाल्यावर चाचा माझ्या खाटेवर येऊन बसले. हातात ती कॅसेट आणि त्यांचा लहानसा टेपरेकॉर्डर.

"आयक," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

एक म्हातारा माणूस बोलत होता. घराचं शाकारणं झालं, अमक्याच्या पोरीचं लगीन ठरलं, तू जेवत जा. आवाज किरटा, डब्यातून आल्यासारखा. चाचांनी टेप बंद केला.

"हा माझा बापूस नाय," ते म्हणाले. "बापूस ओटीवर बोलला तर आत मांडणीवरच्या डब्यांची झाकणां वाजायची. असा बारीक तो कधी बोलला नाय. तू मशिनीतला जाणतोस. माझा बापूस यातून काढून दे, पोरा."

मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. दोष टेपचा नव्हता. हाताएवढ्या टेपरेकॉर्डरला रुपयाएवढा स्पीकर, त्यातून जाड आवाज येणार कुठून? जाड आवाजाला खूप हवा हलवावी लागते. मी म्हणालो, "चाचा, तुमचे वडील टेपमध्ये आहेत. बाहेर यायला त्यांना दार पाहिजे. मी करतो." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी जमिनीपासून चार बोटं वर गेलो.

दुकानात मोडीत आलेले दोन मोठे वूफर, म्हणजे जाड आवाजाचे स्पीकर, पडले होते, मालकाने ते मला देऊन टाकले. पेटी करायला खोलीत जागा नव्हती, आणि मला पेटी नकोही होती. एका गोऱ्या इंजिनिअरने दुकानात सोडून दिलेल्या मासिकात मी वाचलं होतं, की वूफर पेटीत न कोंडता नुसत्या रुंद फळीवर बसवला, पाठ उघडी ठेवली, तर माणसाचा आवाज मोकळा येतो, पेटीची घुसमट त्यात राहत नाही. मात्र त्यात एक अडचण असते. वूफरचा कागदी पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची हवा सैल पडते. बारीक आवाज सरळ पुढे निघून जातो. जाड आवाज मात्र फळीच्या कडेला वळसा घालून मागे जातो, मागचा पुढे येतो, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून फळी रुंद लागते, म्हणजे वळसा लांब पडतो. आणि म्हणूनच एक वूफर पुरत नाही. दोन लावले, दोघेही एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे हलले, तर दुप्पट हवा ढकलली जाते आणि वाया गेलेलं थोडंफार भरून निघतं.

त्या मासिकात आणखी एक युक्ती होती. कुठल्याही वूफरचा पडदा पुढे जाताना आणि मागे येताना अगदी सारखा हलत नाही. म्हणून दोनांपैकी एक सुलटा बसवायचा आणि एक उलटा, म्हणजे लोहचुंबकाची बाजू ऐकणाऱ्याकडे. एकाचा दोष दुसरा झाकतो. मात्र उलट्या बसवलेल्याच्या तारा उलट जोडायच्या, नाहीतर एक ढकलेल तेव्हा दुसरा ओढेल. मी हे वाचलं आणि ठरवलं की चाचांच्या वडिलांसाठी हेच करायचं. साधं केलं असतं तर चाललं असतं. पण मला साधं करायचंच नव्हतं.

चाचांनी फळी केली. जनरेटर ज्या खोक्यातून आला होता त्याचं जाड प्लायवूड त्यांनी कारखान्यातून मागून आणलं. छातीएवढी उंच, दोन हात रुंद फळी. वूफरची दोन भोकं त्यांनी बारीक पात्याच्या करवतीने हाताने कापली, कारण मशीनने कडा फाटतात असं त्यांचं म्हणणं होतं. वूफर आत बसवला तर पोस्टकार्डही शिरणार नाही इतका नेमका बसला. रोज कामावरून आल्यावर थोडं थोडं करत त्यांनी फळीला पाय जोडले, कडा घासल्या, तेलपाणी केलं. इतका वेळ लावून त्यांनी आमच्या खोलीतली खाटसुद्धा कधी दुरुस्त केली नव्हती.

मग मी तारा जोडल्या. मोडीतले वूफर असल्याने कुठलं टोक अधिक, कुठलं उणे, याच्या खुणा पुसल्या होत्या. आमच्या दुकानात याची तपासणी ठरलेली होती. बॅटरीचा सेल टोकांना लावायचा, पडदा पुढे उसळला की सेलचं अधिक ज्या टोकाला असेल तिथे लाल ठिपका द्यायचा. ही तपासणी वूफर सुटा असताना, टेबलावर तोंड वर करून करायची. मी ती केली फळीवर दोन्ही बसवून झाल्यावर, फळीसमोर उभा राहून. दोन्ही वूफरना सेल लावला, दोन्ही पडदे माझ्याकडे उसळले, दोन्हींना लाल ठिपके दिले. म्हणजे एक उलटा बसवलाय याचा हिशेब त्या ठिपक्यांत आपोआप झालेला होता. आता ठिपक्याला ठिपका जोडला की काम झालं. पण डोक्यात मासिकातलं वाक्य पक्कं बसलेलं, की उलट्याच्या तारा उलट जोडायच्या. मी त्या उलट्या जोडल्या. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. दोन्ही एकदम करायच्या नसतात, एवढंच.

पुढच्या शुक्रवारी नमाज पढून चाचा आले. अंगावर धुतलेला सदरा होता. खोलीतले सगळे बसले. माझा डेक, दुकानातून मागून आणलेला अॅम्प्लिफायर, भिंतीपासून दोन हात पुढे ओढलेली फळी. चाचांनी कॅसेट स्वतः घातली.

तोच किरटा आवाज आला. मोठा झाला होता, लांबपर्यंत जाईल असा होता, पण जाड नव्हता. दोन वूफर एकमेकांची हवा जागच्या जागी गिळत होते. मी आवाज वाढवला. पडदे थडथड हलू लागले, बोटभर पुढेमागे होऊ लागले, तरी खाली काही नाही. इतके पडदे हलताहेत आणि जाडपणा नाही, याचा अर्थ कुठल्याही शिकाऊ माणसाने तिथेच ओळखला असता.

खोलीत बीडकडचा एक ड्रायव्हर होता, सरळ बोलणारा. तो म्हणाला, "रेडिओवाले, लई पातळ येतंय. कायतरी चुकलंय बघा."

"तू गाडी चालव," मी म्हणालो.

मी चाचांना म्हणालो, फळी कमी पडतेय. चाचांनी पुढच्या आठवड्यात फळीला दोन्ही बाजूंना आणखी फळ्यांची पाखं जोडली. फरक पडला नाही. मी म्हणालो, प्लायवूड कंप पावतंय. त्यांनी मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या. तरी तेच. दर वेळी ते धुतलेला सदरा घालून बसायचे, कान पुढे करायचे, आणि शेवटी मान हलवायचे.

"नाय, पोरा. मना बापूस आयकू येत नाय."

तिसऱ्या वेळी माझा ताबा सुटला. सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "चाचा, फळी ठीक आहे, वायरिंग ठीक आहे. वीस वर्षं मशीनवर उभे आहात तुम्ही. तुमचे कान गेलेत. आवाज येतोय, तुम्हाला ऐकू येत नाही."

मी हे बोललो तेव्हा मलाही तो आवाज पातळच ऐकू येत होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चाचा रागावले नाहीत. कॅसेट काढून त्यांनी खिशात ठेवली. म्हणाले, "तू सांगतोस तर तसाच आसंल. मना पण वाटत व्हता कधीचा." मग उठून त्यांनी चहा टाकला. त्या दिवशी मी तो प्यायलो नाही, आणि तेही त्यांच्यावरच रागावून.

महिनाभरात त्यांच्या कारखान्याने दोह्याच्या उत्तरेला समैस्म्याला व्हिलांची कामं घेतली आणि चाचांना तिकडे साइटवर पाठवलं. जाताना त्यांनी फळी मागितली नाही. ती खोलीतच राहिली. आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घालायचो आणि कधीमधी गाणी लावायचो. मला तिचा आवाज आवडत नसे, पण तसं मी बोलून दाखवत नसे.

चार-पाच महिने गेले असतील. एका शुक्रवारी सकाळी ड्रायव्हर खोली झाडत होता. त्याने फळी सरकवली आणि मागची एक तार तुटली. उलटा बसवलेला वूफर बंद पडला. टेप चालू होता. आणि एकदम आवाज भरला. दोन वूफर वाजत होते तेव्हा नव्हता तो जाडपणा एका वूफरने दिला.

मी खाटेवरून उठलो. काय झालं ते मला तारेला हात लावायच्या आधीच कळलं होतं. तुटलेली तार सोलून मी ठिपक्याला ठिपका जोडला, जसं पहिल्या दिवशी करायला हवं होतं. ड्रायव्हरकडे त्याच्या गावच्या भजनाची कॅसेट होती, ती लावली. पखवाजावर थाप पडली आणि ती आवाजाच्या आधी पायांना कळली. खिडकीतल्या ताटल्या वाजल्या.

ड्रायव्हर म्हणाला, "अगं आई! आता आलं बघा!"

"गाडी काढ," मी म्हणालो. "समैस्म्याला जायचंय."

त्याच्या कंपनीच्या पिकअपमध्ये मागे फळी आडवी टाकली, गाद्यांत गुंडाळून; डेक आणि अॅम्प्लिफायर पुढे ठेवले. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होतो. तापट माणसाला माफीची सवय नसते, मला एकही धड जुळत नव्हतं. तरी मनातून मी खूश होतो. चूक झाली होती, पण ती दुरुस्त होण्यातली होती. चाचा ऐकतील, हसतील, माझ्या पाठीत एक धपका घालतील आणि खलास.

साइटवर अर्धवट बांधलेल्या व्हिलाच्या दिवाणखान्यात चाचांची खाट होती. आम्हाला बघून ते इतके हरखले, की आधी जेवायलाच बसवलं. मासळीचं कालवण होतं. आम्ही जेवलो, मग फळी आत आणली. मी भजनाची कॅसेट लावली.

पखवाज वाजला. चाचा खाटेवर बसले होते ते उभे राहिले. फळीजवळ आले, तिच्यावर तळहात टेकवला, डोळे मिटले. मग माझ्याकडे वळले.

"आयकू येतोय," ते म्हणाले. "सगला आयकू येतोय, पोरा. इन्शाल्ला आता... काय केलास तू? औषध घातलास काय यात?"

मी सांगून टाकलं. एक तार उलटी होती. पहिल्या दिवसापासून. फळी तुमची ठीक होती, पट्ट्या आणि पाखांची काही गरज नव्हती. कान तुमचे चांगले आहेत.

"माझे कान चांगले हायत?"

"चांगले आहेत, चाचा. मी चुकलो. आता ती कॅसेट आणा. वडिलांची."

चाचा हसत होते. ते हसू तसंच राहिलं आणि त्यातून माणूस निघून गेला. ते हळूच खाटेवर बसले. ड्रायव्हरने टेप बंद केला.

"ती गेली," ते म्हणाले. "दोन महिने झाले. गावचा एक जण चालला व्हता. आय कधीची जबाब मागत व्हती. मना तर आयकू येत नव्हता, मग ठेवून काय करू? मी जबाब भरला."

"त्याच कॅसेटवर?"

"दुसऱ्या कंच्यावर?"

बाहेर कुठेतरी कामगार कपडे धूत होते, त्यांच्या बादल्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, काय बोललात त्यात. का विचारलं ते मला आजही कळत नाही.

"बोललो, आये, माझे कान गेले," चाचा म्हणाले. "बोललो, बापूस काय बोलला तो मना आयकू आला नाय, त्याचा मनात धरू नको."

मी रडलो. चार माणसांत मी तोवर कधी रडलो नव्हतो. चाचा रडले नाहीत. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"एक काम कर," ते म्हणाले. "हा गावाकडे कलवू नको. कंच्याच गावकऱ्याला बोलू नको. आयला कलला की माझे कान चांगले हायत, तर तिला काय वाटंल? आयकू येत व्हता, तरी पोराने बापाचा आवाज पुसला."

"मी सांगतो ना चूक माझी होती. मी पत्र लिहितो."

"तारा उलट्या व्हत्या, हा तू माझ्या आयला समजावणार?" त्यांनी विचारलं. त्यात चिडणं नव्हतं. त्यांनी मला बोल लावला असता, हात उगारला असता तरी मी आनंदाने सोसलं असतं. त्यांनी चहा टाकला. या वेळी मी तो प्यायलो.

ऐंशीचं दशक संपायच्या आत आम्ही दोघंही परत आलो, ते आधी, मी नंतर. एकदा कामानिमित्त रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हा पत्ता विचारत त्यांच्या गावी पोचलो. दुपारची वेळ होती. चाचा ओटीवर खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होते. मागून माझी चाहूल लागताच त्यांनी वळून रंधा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी माझे हात धरले. आम्ही काही बोलायच्या आत त्यांची म्हातारी आई आतून आली. वाकलेली, पण खणखणीत. चाचांच्या खांद्याला धरून तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडून विचारलं, "कोण आलाय रे? चाय ठेवू?"

चाचांनी हात कानामागे नेला. "काय?"

तिने पुन्हा ओरडून विचारलं. या वेळी त्यांनी मान हलवली, कळल्यासारखी. मग ती माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "कान गेले तिकडं मशिनीवर. जोरान बोल त्याच्याशी, नायतर त्याला आयकू येत नाय."

चाचा माझ्याकडे बघत होते.

मी त्यांच्याजवळ सरकलो, त्यांच्या कानाशी वाकलो आणि ओरडून विचारलं, "कसे आहात, चाचा?"